हातात बसेल ती

मी आधी पिस्तूल दाखवत नाही.
आधी हात मागतो.
ठेवा काउंटरवर, म्हणतो, पालथा नको, उताणा.
भविष्य नाही सांगणार,
बोटांची लांबी बघतो फक्त.

आर्डिथ क्विलन. वय अडुसष्ट.
लेम्हाय नदीच्या वरच्या अंगाला चाळीस शेळ्या होत्या,
आता अकरा.
अंगठ्याच्या मुळाशी सांधा सुजलेला,
करंगळी कधीतरी फाटकात सापडून वाकडीच जुळलेली.

तिचं बोट काचेवर टेकलं
सगळ्यात लहान पिस्तुलावर,
पर्समध्ये चष्म्याच्या डबीशेजारी मावेल अशा.
नवखे सगळे तिथूनच सुरुवात करतात.
त्यांना वाटतं, लहान म्हणजे गरीब.
बाई, मिरचीही लहानच असते.
अंगात वजन नाही, म्हणून सगळा धक्का तळहातात.
दुसऱ्या गोळीला हात घाबरतो,
तिसरीला डोळे मिटतात,
पाचवीनंतर ते कपाटात जातं, मोज्यांखाली,
आणि तिथंच म्हातारं होतं.

मग तिने पिशवीतून नवऱ्याचं काढलं.
टॉवेलात गुंडाळलेलं, पंचेचाळीसचं,
माझ्याही मनगटाला जड.
हे चालेल का शिकायला?
मी नळी भिंतीकडे केली, मॅगझिन काढलं, स्लाइड ओढली.
एक गोळी उडून काचेवर पडली,
गोल गोल फिरत राहिली.
नऊ वर्षं ड्रॉवरमध्ये होतं, ती म्हणाली.
पुढे काही बोलली नाही.

मागे रेंजवर तिला पॉइंट टू टू दिली.
लांब नळी, बऱ्यापैकी जड, धक्का जेमतेम.
मूठ अशी, की बोटाचं पहिलं पेर
न ताणता चापावर येईल.
स्लाइड हलेना तिला.
ओढू नका, म्हटलं. डाव्या हाताने वरून घट्ट धरा
आणि उजव्याने पुढे रेटा,
हट्टी शेळीला दारातून रेटता तसं.
खट्.
तेव्हा पहिल्यांदा हसली.

आवाज होणार हे ठाऊक असताना दचकायचं नाही,
एवढंच शिक्षण. बाकी श्वास.
माशी स्पष्ट दिसू दे, पलीकडची कागदी प्लेट धूसर.
म्हणजे, तिने विचारलं,
जिला मारायचं तीच धूसर ठेवायची?
एकोणीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मी कानावरचे मफ नीट केले.

पहिल्या दहांत चार लागल्या.
शेवटच्या दहा सगळ्या प्लेटमध्ये,
डावीकडे जरा गोळा होऊन, पण प्लेटमध्येच.
ही, म्हणाली. हीच.
आणि बंदुकीकडे असं बघितलं
जसं नवीन बूट घालून माणूस स्वतःच्या पायांकडे बघतो.

फॉर्म भरताना मी एक प्रश्न विचारतो,
जो फॉर्मवर नाही.
घरी आणखी कोण असतं?
नातू. टीग. सतरा पूर्ण.
थँक्सगिव्हिंगपासून खोलीबाहेर येत नाही,
ताट दाराशी ठेवते, कधी उचलतो, कधी नाही.
आज ओढून आणलाय, गाडी चालवायला.
बाहेर बसलाय.

एकदा मी हा प्रश्न विचारला नव्हता.
ते इथे लिहीत नाही.

मी पेन खाली ठेवलं.
चिकटपट्टीचा तुकडा फाडला, त्यावर क्विलन लिहिलं,
मागच्या तीन नंबरच्या लॉकरवर लावला.
ही इथे राहील. पंचेचाळीसचीही.
दर गुरुवारी या, गोळ्या माझ्याकडून.
मी विकत घ्यायला आले होते, ती म्हणाली.
हो, म्हटलं. मालक माझ्या नावाने शंख करणार आहे.
ती बराच वेळ त्या पट्टीकडे पाहत होती.
सुजलेला अंगठा दुसऱ्या हाताने चोळत.
मग टॉवेल झटकला, चौघडी घातली.
हा नेते, म्हणाली. धुवायचाय.

खिडकीतून दिसलं:
ट्रकच्या काचा आतून वाफाळलेल्या,
पोराने वाकून तिच्या बाजूचं दार उघडलं.
तिच्या मांडीवरचा टॉवेल बघितला,
सपाट, रिकामा.
बघत राहिला.
मग गिअर टाकला.