ओलावा, जास्तीत जास्त

थेडा वेलेटचा अर्ज तिसऱ्यांदा टेबलावर आला
तेव्हा कागदाला भाजलेल्या भोपळ्याचा वास होता.
मी ऑगस्टाला, पशुखाद्य विभागात बसतो.
खिडकीतून केनेबेक दिसते,
मार्चअखेर नदीवरचा बर्फ फुटतो
आणि शिक्का मारताना हात जरा थबकतो.
गाईची पेंड, कोंबड्यांचा भरडा,
आणि मेनच्या कुठल्याशा गावात
कुणी एकटीनं रात्री भाजलेलं कुत्र्याचं बिस्कीट :
कायद्याच्या लेखी एकाच गोणीतलं.

पहिल्या अर्जात घटक होते ते असे :
ओटचं पीठ, हाताला लागेल तेवढं.
भोपळा, थिबोदोंच्या परसातला.
अंडं एक. कोंबडी खुशीत असेल तर दोन.
मी लाल पेनानं लिहिलं :
वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे.
शेजाऱ्याचं नाव नको.
कोंबडीच्या मनःस्थितीचा उल्लेख नको.

दुसऱ्यात क्रम चोख.
प्रत्येक चवीची फी वेगळी म्हटल्यावर
यकृत आणि ब्लूबेरी तिनं स्वतःच खोडली होती,
एकेका सरळ रेघेनं.
पण पाकिटावर छापायच्या मजकुरात एक ओळ :
‘ही खाऊन माझा म्हातारा तिलू तेरा पायऱ्या चढला.’

असं लिहिता येत नाही, बाई.
सांधे, दुखणं, उतार पडणं, उठून चालणं
हे शब्द औषधाचे.
औषधाचं खातं वेगळं, इमारतही वेगळी.
मी फोन केला.
‘पण तो चढला,’ ती म्हणाली.
‘असेल.’
‘मी मोजल्या ना.’
जिभेला हाड नसतं,
म्हणून तर लेबलाला घालावं लागतं,
हे मी मनातच म्हणालो.
फोनवर कलम वाचून दाखवलं, पोटकलमासकट.
पलीकडे ओव्हनची घंटी वाजली
आणि तिनं ‘थांबा हं’ म्हणून मला
बराच वेळ धरून ठेवलं.

आता हा तिसरा.
नाव, पत्ता, निव्वळ वजन, सगळं जागच्या जागी.
‘कोणत्या प्राण्यासाठी’ या रकान्यात : कुत्रा.
त्या शब्दाखाली पांढरी शाई.
कागद खिडकीच्या उजेडात धरला
तर खालचं नाव अजून वाचता येतं.
सोबत नमुन्याचं पाकीट, आणि चिठ्ठी :
‘तुमच्या प्रयोगशाळेनंच चव बघावी.
घरात आता चाखणारं कुणी उरलं नाही.’

प्रयोगशाळा चव बघत नाही.
ती दळते, वाळवते, जाळते, उरलेली राख तोलते.
आठवड्यानं आकडे आले.
प्रथिनं, किमान. स्निग्धांश, किमान.
तंतू, जास्तीत जास्त.
ओलावा, जास्तीत जास्त : दहा टक्के.
तिचा नऊ पूर्णांक चार.
मर्यादेत आहे.
मी सही केली.
नोंदणी चालू वर्षापुरती, पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज.

जूनमध्ये शनिवारच्या बाजारात लेबलं तपासत फिरत होतो.
मधवाल्याला ताकीद दिली, लोणचंवाल्याचं पत्ता नसलेलं झाकण टिपून घेतलं.
टोकाला घडीचं टेबल, त्यावर निळ्या चौकड्यांचं कापड,
आणि पुरुषी बूट घातलेली एक ठेंगणी बाई.
तीच, हे मला पाकिटावरून कळलं.
अक्षरं हवी तेवढी मोठी, घटक ओळीत,
दावा एकही नाही.
मागचे पाय ओढत चालणारी एक काळी कुत्री
आणि तिचा तितकाच म्हातारा मालक समोर उभे.
थेडा वाकली, तुकडा मोडला,
आणि त्याला, कुत्रीला, कोणाला तरी सांगू लागली :
‘तेरा पायऱ्या. मी मोजल्या.’

तोंडी दावाही दावाच असतो,
नियमात स्पष्ट आहे.
वही माझ्या हातात होती, पेनाचं टोपण दातात.
कुत्री चावत होती, सावकाश, एका बाजूनं.
मी पुढच्या टेबलाकडे वळलो,
तिथं कुणी साबण विकत होतं,
आणि साबण आमच्या खात्यात येत नाही.