घोड्याच्या पोटातलं पाणी

पिंप्राळ्याचं रेल्वेगेट पडलं की
आधी आमच्या घरातली भांडी वाजतात,
मग गाडी येते.
नानांनी फडताळाच्या फळ्यांना
अर्धा इंच मागे उतार दिला.
बरणी थरथरते, पडत नाही.

सुपात घालून ओढला म्हणून सुपडू.
आडनाव भंगाळे.
आपण सुपाचे देणेकरी, ते सांगतात,
हाताला नुसतं देखणं कधी जमलंच नाही.
खोटं आहे.
जमत होतं. तीन तालुक्यांच्या चौकांत उभं आहे अजून,
हारांसकट, कबुतरांसकट.

खरं कारण आई.
वैशाख, पारा सेहेचाळीसला,
अंगणात तेरा फुटी घोडा,
पाठीवर अजून कोणी बसलेलं नाही,
आणि त्याच्या पायांमधून वाकून
भरली कळशी आणताना ती म्हणाली,
"गावोगावचे पुतये केले तुम्ही,
अन् मले तांब्या ठेवाले जागा नाही."

त्याच महिन्यात पालिकेतलं बोर्ड बदललं.
टेंडर रद्द.
घोडा फोडला, साचा राहिला.
नाना आठ दिवस कोणाशी बोलले नाहीत,
नवव्या दिवशी मीटर टेप घेऊन
आईच्या मागे मागे फिरू लागले.

जिना तिच्या गुडघ्यांवर मोजला.
पायाखाली विटा रचायच्या, फरशीचे तुकडे काढायचे,
"आता? अन् आता?"
जिथे तिनं तोंड वाकडं केलं नाही
तिथे खडूची रेघ.
पाच इंच.
कंत्राटदार हसला, "नाना, बालवाडी काढू राह्यले का?"

ओट्याच्या काळ्या दगडाला एक खळगा आहे,
लाटणं घरंगळत येतं आणि तिथे थांबतं,
संध्याकाळच्या गुरासारखं, हाकावं लागत नाही.
स्वयंपाकघर आणि स्टुडिओ यांमधली भिंत
फक्त छातीपर्यंत:
इकडून चहा जातो,
तिकडून मातीचे हात येतात,
भांडणाला तर उठावंही लागत नाही.
उंबऱ्याशी लोखंडी गजांची जाळी,
पाय आपटले की शाडू खाली, माणूस आत.

आणि साच्याचा एक अर्धा भाग,
पोटाकडचा, खिडकीबाहेर आडवा.
त्यात पाणी, वर वाळ्याचे पडदे, मागे पंखा.
चैत्र लागला की दुपारभर
घोडा आमच्यावर ओला श्वास सोडतो.

पुण्याहून एकजण फोटो काढायला आला.
चांगला मुलगा होता, चप्पल बाहेर काढली.
"पापड हलवता येतील? ती प्लास्टिकची चटई?
बरण्या? आणि ते लाटणं?"
आईनं सगळं उचललं.
घर इतकं रिकामं मी पहिल्यांदा पाहिलं.
नाना पायरीवर बसून होते,
आमंत्रण नसलेल्या लग्नात बसावं तसे.

दिवाळीत अंक आला. गुळगुळीत, जड.
नानांनी भिंग लावून पानं पाहिली,
म्हणाले, "खळगा दिसतो. कशाला आहे ते दिसत नाही."
आईनं अंक दोन महिने जपला,
मग मिक्सरखाली सरकवला.
आता मिक्सर ओट्यावर नाचत नाही.

साच्याचा दुसरा अर्धा भाग, डोक्याकडचा,
मागच्या भिंतीला टेकून उभा आहे बावीस वर्षं.
त्याचं काय करायचं ते नानांना सुचलेलं नाही.
साचा म्हणजे पोकळीच; नाक आत गेलेलं,
डोळे आत, आयाळ आत.
पण तिरपं ऊन पडलं की फसायला होतं,
तो बाहेर आल्यासारखा दिसतो,
आणि आपण डावीकडे सरकलो
की मान वळवून आपल्या मागे बघतो.

"सुचंल काहीतरी," नाना म्हणतात.
"नका सुचू देऊ," आई म्हणते.
उन्हाची तिरीप उतरली की
ती दोघं कप घेऊन तिथे बसतात,
आणि अधूनमधून, काही कारण नसताना,
आपापली खुर्ची थोडी सरकवतात.