मागच्या खोलीतली तारीख

पोरवालांच्या लसूण शेवेची लेबलं
पुढच्या खोलीत, माझ्या पडद्यावर, लाल रंगात तयार.
प्रिंटर मागच्या खोलीत, मामंजींच्या कॉम्प्युटरला जोडलेला.
मधे सोळा पावलं, एक फ्रिज
आणि भिंतीला भोक पाडून नेलेली निळी वायर.

रामबागेत दुपारी दोनला कुणी कुणाला हाक मारत नाही.
मी मारते, काळ्या चौकटीत, आकड्यांनी.
चार हाका, चार उत्तरं, एकही वाया नाही.
म्हणजे वायर शाबूत. उंदरांवर उगाच आळ घेतला.
यादीत त्याचं नाव दिसतं,
नावाखाली फोल्डर दिसतं,
त्यावर दोनदा टिचकी मारते
आणि आतून तेच, सभ्य, कोरडं:
आपल्याला परवानगी नाही.

घरच्या घरात परवानगी!
फायरवॉल उतरवून पाहिली.
नेटवर्क 'सार्वजनिक' होतं, ते 'खाजगी' केलं
(हे वाचून जरा हसू आलं).
फोल्डर सर्वांसाठी मोकळं केलं,
वाचा, लिहा, काय हवं ते करा बापहो.
राउटरची पिन काढून साठ आकडे मोजले.
पासवर्ड काय, विचारलं.
मामंजी म्हणाले, तोच.
तोच म्हणजे कोणता?
तोच, आधीपासून आहे तो.
काळ्या नव्वीवर त्यांनी लाल अठ्ठी ठेवली. पडद्यावर.

पेनड्राइव्ह असता तर सोळा पावलं चालले असते,
तो गेल्या खेपेच्या गठ्ठ्याबरोबर पोरवालांकडे राहिला.
फोन केला. ते आधीच तापलेले.
"भाभीजी, मेरी सेव सोलह साल पुरानी है क्या?"
काय?
"पैकिंग की तारीख देखिए अपनी. एक जनवरी दो हज़ार नौ.
पूरे सियागंज में हँसी हो गई."

तारीख मी घालत नाही.
छापताना तो कॉम्प्युटर आपणहून घालतो.

मागे गेले. मामंजींच्या खांद्यावरून
पडद्याचा खालचा उजवा कोपरा पाहिला.
एक जानेवारी, दोन हजार नऊ.
वर्ष लागून पावणेदोन तास झालेले.
लाईट सव्वाबाराला आली होती.

माझा कॉम्प्युटर आजची चिठ्ठी घेऊन जातो,
आणि ह्याच्या लेखी तो दिवस अजून उगवायचाय.
का म्हणून उघडेल?

"हे कधीपासून असं?"
"घड्याळ होय? दिवाळीपासून.
लाईट गेली की पुन्हा एक जानेवारी."
"मग सांगायचं नाही का?"
"तू पुढे असतेस."
आणि अठ्ठीवर सत्ती ठेवली. काळी.

संध्याकाळी डबा उघडला.
धूळ, सुपारीचं खांड, शर्टाचं एक बटण,
आणि रुपयाएवढा सेल, मेलेला.
मल्हारगंजच्या घड्याळजीकडे नवा चाळीस रुपयांना.
बसवायच्या आधी मामंजींनी तो चष्म्याजवळ नेला,
बोटानं फिरवत कोरलेलं वाचलं:
दोन, शून्य, तीन, दोन.
"बत्तीस सालापर्यंत चालेल म्हणतोय हा."

तो नंबर मापाचा असतो,
वीस मिलीमीटर रुंद, तीन पूर्णांक दोन जाड,
असं तोंडाशी आलं होतं.
त्र्याऐंशी पूर्ण आहेत त्यांना.
हो, म्हटलं, बत्तीसपर्यंत नक्की.

आजची तारीख त्यांनीच घातली,
एका बोटानं, आधी कॅलेंडरकडे बघून.
मी पुढे जाऊन टिचकी मारली.
उघडलं. काही न विचारता.
मागे प्रिंटर दोनदा खाकरला
आणि मामंजींचा आवाज आला, सोळा पावलांवरून,
कितीतरी महिन्यांनी एवढा मोठा:

"अगं, लाल फिका येतोय!"