तिसरा हिस्सा

विमानाचा तिसरा हिस्सा माझ्या नावावर आहे.
कोणता, ते कागदात लिहिलेलं नाही.
शेपूट म्हणावी तर तिला रॉसच्या काळचे पोचे,
पंख म्हणावे तर दोनच, आणि वाटेकरी तिघं.
शाळेची बस चालवून साठवलेल्या पैशांत
मला बहुधा मधली पोकळी आली असावी,
दोन माणसं खांद्याला खांदा लावून बसतील एवढी,
आणि वर्षाच्या विम्याचं एक तृतीयांश दुखणं.

पिनारूच्या पलीकडे, गहू कापून झालेल्या रानात
रॉस ट्रेगेंझाची धावपट्टी: सातशे मीटर लाल माती,
एका टोकाला मॅलीची झुडपं, दुसऱ्या टोकाला
मेंढ्यांचं फाटक. उडण्याआधी ते लावून घ्यायचं,
उतरण्याआधी वरून एक फेरी मारायची,
कांगारू लोळत नाहीत ना ते बघायला.
दुपारी शेडचा पत्रा तडतडतो.
पहाटे मात्र पंखावर बोट टेकलं
तर दवात ठसा उमटतो.

रॉस अठ्ठ्याहत्तरचा. डाव्या डोळ्यात पडदा आला
तेव्हा त्याने आपणहून परवाना खणात ठेवला
आणि डावी सीट मला दिली.
आता उजवीकडे बसतो, हात गुडघ्यांवर,
शेजारच्यांकडे जेवायला आलेल्या पोरासारखा.
पेट्रोल मी तपासायचं, त्याने बघायचं.
टाकीच्या तळाचं अर्धी बाटली काढून उजेडात धरायचं;
पाणी असेल तर खाली मण्यासारखं बसतं.
"घाईतल्या माणसाला," तो म्हणतो, "मणी दिसत नाही."

मार्चमधल्या त्या सकाळी आम्ही धावलो.
इंजिन नीट, तेलाचा दाब नीट,
पुढचं चाक हलकं झालं, मेंढ्या मोठ्या होऊ लागल्या,
आणि वेगाचा काटा शून्यावर.
कान सांगत होते, चल, पुरेसं आहे.
मी कानांचं ऐकलं नाही.
थ्रॉटल मागे, ब्रेक, लाल धूळ.
फाटकापासून तीस पावलांवर थांबलो.
रॉसने ती खरोखरच उतरून मोजली.

पंखाखालच्या नळीत कुंभारीण होती.
ज्या नळीतून वारा आत शिरतो आणि काट्याला ढकलतो
तिथे तिने चिखलाचं घर बांधून, लिंपून,
सुन्न केलेले कोळी आत रचून
दार बुजवलं होतं.
रॉसने तारेने उकरलं. तळहातावर
भाजल्यासारखी पक्की माती, एक पांढरी अळी.
"चौथी वाटेकरीण," तो म्हणाला,
"आणि ऑल्डो फँटिनसारखीच. वर्गणी देत नाही."

नळीवर टोपडं असायचं.
मर्टलने शिवलेलं, स्वयंपाकघराच्या जुन्या पडद्याचं,
त्यावर पिवळी लिंबं, खाली लोंबती लाल फीत,
काढायला विसरू नये म्हणून.
मी सीटांखाली शोधलं, तेलाच्या डब्यांमागे शोधलं.
माझीच चूक असणार, म्हणाले.
रॉस काही बोलला नाही.
एरवी माझी चूक असली की तो बोलतो.

त्याच्या यूटमधून चष्मा आणायला गेले
तेव्हा काचेवरच्या झडपेत खोचलेलं
बोटभर लाल दिसलं.
मर्टलला जाऊन पाच आठवडे झाले होते.
चष्मा घेतला. झडप होती तशी राहू दिली.

मला शिवता येत नाही.
मुलाच्या फुटबॉलच्या मोज्याचं टोक कापलं,
वेडेवाकडे टाके घातले, बसमध्ये
कुणाची तरी राहून गेलेली रिबीन जोडली.
रॉसने ओढून पाहिलं, सैल आहे म्हणाला,
आणि बांधलं.

परवा खाऱ्या तळ्यांवरून गेलो. दोन हजार फूट.
खाली पाणी कमी, गुलाबी मीठच जास्त.
"जरा धर," मी म्हटलं, "नकाशा बघते."
हा रस्ता मला झोपेतही येतो.
त्याने काठी दोन बोटांनी धरली,
गरम कपाचा कान धरावा तशी,
आणि मी बराच वेळ
नकाशा बघत राहिले.