शून्यावर

टॉडमॉर्डनचा बाजार, गुरुवार.
कालव्याकडच्या टोकाला, चिनीमातीची कुत्री
आणि गंजक्या कात्र्या यांच्या मधे
अर्नेस्ट सटक्लिफचं टेबल.

मी मोठी नावं घेत नाही. परवडत नाहीत,
हे आधीच सांगून टाकते.
मला लागतात ती अशी:
तबकडीवर कुणाचं तरी अर्धं पुसलेलं नाव,
वेल्डमार, फ्लोरव्हाल, ऑर्लव्हिक.
कारखाना म्हणजे बहुतेक जिन्यावरची एक खोली,
यंत्र दुसऱ्याचं, डबी तिसऱ्याची,
आपलं म्हणून छापलेलं तेवढं नाव.
पुष्कळांचे संसारही असेच चालतात.

त्या दिवशीचं, ऑर्लव्हिक.
कडेला दोन बटणं, मधोमध लांब निळा काटा,
तीनच्या घरात मिनिटं मोजणारा छोटा.
चावी कधीच उतरलेली.
पण मोजणारे काटे कुणीतरी हाताने थांबवलेले:
अकरा मिनिटं, चाळीस सेकंद.

काय मोजलं असेल?
अंडं नसावं, अंड्याला इतकं लागत नाही.
कबुतरांची शर्यत? इथे अजून उडवतात.
गिरणीत नव्या मागावरचा धोटा,
मागे साहेब उभा?
की वरच्या खोलीत बायको, तिच्या दोन कळांमधलं अंतर,
आणि सुईण अजून पुलापलीकडे?

बटण दाबलं, आकडा पाहिला,
मग शून्यावर आणायचं राहून गेलं.
का राहिलं, ते
घड्याळाला विचारून उपयोग नाही.

मी वाकले. पर्समध्ये चष्मा चाचपत होते.
तेवढ्यात सटक्लिफ, भला माणूस,
"चालतंय की, हे बघा," म्हणाला
आणि खालचं बटण दाबलं.

टक्.
दोन्ही काटे सरळ बाराखाली,
शाळा सुटल्यासारखे.

त्याचा चेहरा असा खुलला होता
की मला काही बोलता येईना.
पस्तीस पौंड म्हणाला. मी घासाघीस केली नाही,
तेव्हा तोच जरा बावचळला.

घरी मागचं झाकण उघडलं.
आतून, सुईच्या टोकाने खरवडलेली
दुरुस्ती करणाऱ्यांची आद्याक्षरं, बारीक तारखा,
शेवटची सत्तावन्नच्या मार्चातली.
ज्याने त्याने आपापली नोंद ठेवलेली.

म्हणून मीही ठेवली.
किराण्याच्या पावतीमागे लिहिलं, अकरा-चाळीस,
आणि घडी करून डबीत घातली.

आता रात्री चावी देताना
मधेच हात थांबतो.
बारा-चाळीस तर नव्हतं?
चष्मा नव्हताच डोळ्यांवर.