चकणा

दिवसभर मी अंधाऱ्या खोलीत बसतो.
दाण्याचं कूट, त्याचा अर्क, काचेची पट्टी,
वर जांभळा दिवा.
बुरशीचं विष असलं की डाग निळा उजळतो,
इतका देखणा निळा
फुटाळ्याच्या पाण्यालाही मी कधी पाहिला नाही.
मी वहीत आकडा लिहितो, सही करतो.
तोवर कळमन्यातून ते पोतं
कधीच कुठंतरी गेलेलं असतं.

संध्याकाळी पारडी नाक्याजवळ
शालिक निनावे वाट पाहतो.
हमाल आहे, दाण्याच्या गोदामात.
देशीची क्वार्टर, स्टीलची पिचकी प्लेट,
खारे दाणे, वर कांदा, तिखट, लिंबू.
"खाय न बे," म्हणतो,
"तुह्या दिव्याखालून थोडेच आले हे."

एकदा मी त्याला लिव्हर समजावून सांगितलं.
म्हटलं, शालिक, तुझ्या आतही एक हमाल आहे,
दीड किलोचा, उजव्या फासळीखाली.
दाण्यातली बुरशी, वांग्यावरचं औषध,
मासोळीतला पारा, तर्रीतलं जळकं तेल,
सगळं त्याच्याच पाठीवर.
एकेक पोतं उचलतो, तोंड शिवतो,
बाहेरच्या गाडीत टाकतो.
पण दारू आली की
तिचाच ट्रक आधी खाली करावा लागतो,
तिला ठेवायला गोदाम नाही.
बाकीचा माल दारात, ताटकळत.

शालिक विचारात पडला. मग म्हणाला,
"म्हंजे आमच्या मंडीवानीच.
ज्याचा माल नासका, त्याचा नंबर पह्यला."

पुढचं मी बोललो नाही.
रोजच्या ट्रकासाठी तो हमाल
जास्तीची माणसं भरतो, उतावळी,
अन् ट्रक नसेल त्या दिवशी ती
भलत्याच पोत्यांना हात घालतात,
बांधायच्या गाठी सोडून बसतात.
अन् शिवायची सुतळी?
ती तर दारूनंच संपवलेली.

नाही बोललो,
कारण माझाही ग्लास अर्धा होता.

परवा त्या प्लेटीतले मूठभर दाणे
कागदाच्या पुडीत बांधून नेले,
साहेब जेवायला गेल्यावर तपासले.
डाग नव्हता.
दिवा हलवून पाहिला, पट्टी फिरवून पाहिली,
एकही नाही.

धावतच गेलो सांगायला.
"शालिक, दाणे साफ आहेत!"
त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली.
"मंग याच्यावर अजून एक होऊन जाऊ दे."
अन् पोराला हाक मारायला मान वळवली तेव्हा
त्याच्या डोळ्यांतला पांढरा भाग
मला हळदीसारखा दिसला.

वर चाळीसचा पिवळा बल्ब होता.
कोणत्या दिव्याखाली काय दिसतं
हे ओळखायचाच मी पगार घेतो.
मी बल्बकडे पाहिलं,
अन् सगळा दोष त्याच्यावर टाकून
दाण्यांत लिंबू पिळलं.