पूर्णेकाठी, चाचणी एकोणीस

पडदा थर्मासमधून आणला, पाण्यात बुडवून,
वाळला की तडकतो.
नखाएवढा, दुधी. उन्हासमोर धरला
तर पलीकडची बोअरवेल दिसते, जराशी हललेली.

"यालेच चार वर्स लागले काय वं पोरी?"
गुंफाबाई खंडारे विचारते.
मी हो म्हणते. खरं तर साडेपाच.

तिला सांगते: दोन धागे घ्यायचे,
एकमेकांशी न पटणारे, पण टोकाला बांधलेले.
लांब जाता येत नाही, म्हणून ते
आपापली रांग धरून बसतात.
मग एकाला आम्लात धुऊन काढायचं.
तो जिथे होता तिथे भोक राहतं,
एका केसाच्या जाडीत पन्नास हजार मावतील एवढं.

"सासू-सुनेवानी हाय मंग," ती म्हणते.
"धुऊन कोनाले काहाडलं?"

मीठ पाण्यात एकटं हिंडत नाही.
सोडियमचा एकेक कण
अंगाभोवती पाण्याचा शेला घेऊन येतो,
आणि भोकाच्या तोंडाशी त्याला तो उतरवावा लागतो.
माझा सगळा प्रबंध
या एका संकोचावर उभा आहे.

दाब सायकलच्या पंपाचा.
शेजारचा प्रज्योत मारतोय, घामानं निथळत,
दर वीस झटक्यांना विचारतो, निघालं का गोड पाणी?

बोअरचं: चार हजार दोनशे.
पडद्यापलीकडचं, दीड वाजता, नऊशे.
आकडा लिहिताना सात उलटा निघाला,
जिथे सात नव्हताच.
दोनला बाराशे.
अडीचला तीन हजार शंभर.

पडदा फुगलाय.
टिनाखाली सेहेचाळीस अंश,
भोकं सैलावलीत, शेल्यासकट कण आत शिरताहेत
लग्नाच्या मांडवात शिरावेत तसे.
पुण्याच्या एसीत तो असा कधी वागला नाही.

मी मीटर बंद करते.
गुंफाबाई वाटीत बोट बुडवते, जिभेला लावते,
डोळे मिटून थोडा वेळ तशीच.

"सकायपेक्षा बरं हाय.
दाय शिजन. च्या मात्र नासन."

चहा कितीला नासतो, डाळ कितीला शिजते,
मला माहीत नव्हतं.
वहीत तसा रकानाच नाही.
पट्टी गाडीत राहिली,
मीटरच्या कडेनं एक रेघ ओढते, वाकडी,
वर लिहिते: डाळ.
खाली पहिली नोंद:
पावणेतीन, तूर, शिजेल.
मोजमाप: गुंफाबाई.